बुखारेस्टमध्ये सगळ्यांत स्वस्त पॉलिसी कोण देतं?

रोमानियाच्या विमा बाजारावरचं कुठलंही सादरीकरण एकाच आलेखाने सुरू होतं. देशाच्या सकल उत्पन्नात विम्याच्या हप्त्यांचा वाटा जेमतेम सव्वा टक्का, आणि पश्चिम युरोपात तोच आकडा याच्या कितीतरी पट. शेवटची ओळही ठरलेली असते: वाढीला प्रचंड वाव आहे. मुंबईत पुनर्विम्याच्या टेबलावर पूर्व युरोपच्या ट्रीटींचे, म्हणजे पुनर्विमा करारांचे, कागद चाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेवढ्या काळात हा आलेख मला लंडनच्या ब्रोकरांनी दाखवला, व्हिएन्नाच्या गुंतवणूकदारांनी दाखवला आणि खुद्द बुखारेस्टच्या कंपन्यांनीही दाखवला. एक गोष्ट मात्र त्यांच्यापैकी कोणी सांगत नसे. २००८ मध्ये हाच आकडा दीड टक्क्याच्या वर होता. पुढच्या काळात देश श्रीमंत झाला, युरोपीय युनियनमध्ये रुळला, रस्त्यांवरच्या गाड्या वाढल्या, पण उत्पन्नातला विम्याचा वाटा घटला. वाव तेवढा वाढत गेला.

असं का झालं, हे त्या आलेखावरून कधीच कळत नाही. त्यासाठी थोडं आत शिरावं लागतं.

पहिली गोष्ट अशी की रोमानियात विमा म्हणजे मोटार. सर्वसाधारण विम्यातला बहुतेक पैसा गाड्यांच्या पॉलिसींतून येतो, आणि त्यातही मोठा भाग सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा. तिथे त्याला 'आरसीए' म्हणतात. आपल्याकडच्या 'टीपी'चाच हा भाऊ. आरसीएचं एक वैशिष्ट्य धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि जाहिरातीत कधीच येत नाही: ही पॉलिसी माणूस स्वतःसाठी घेत नाही. धडक मी दिली तर माझी कंपनी समोरच्याची गाडी दुरुस्त करून देणार. कंपनी भरपाईला टाळाटाळ करत असेल तर त्रास समोरच्याला, मला नाही. मग मी दोन पैसे जास्त देऊन चांगली कंपनी कशाला शोधू? बुखारेस्टमधला गाडीवाला म्हणूनच ब्रोकरला एकच प्रश्न विचारतो: सगळ्यांत स्वस्त कोण? त्या प्रश्नाचं उत्तर दर काही वर्षांनी बदलतं, कारण आधीच्या उत्तराचा परवाना तोवर रद्द झालेला असतो.

रोमानियन विम्याच्या घराण्याची सुरुवात सरकारी आहे. साम्यवादी राजवटीत १९५२ पासून 'आदास' ही एकच विमा संस्था होती. घर, गुरं, गाडी यांचा विमा कायद्यानेच उतरवला जायचा आणि वसुलीला आदासचे लोक गावोगाव फिरायचे. हुकूमशहा चाउशेस्कू गेला, आणि १९९१ च्या सुरुवातीला आदासची वाटणी झाली. तीतून निघालेली दोन मोठी भावंडं म्हणजे असिरोम आणि आस्त्रा. असिरोम पुढे व्हिएन्नाच्या विमा गटाकडे गेली आणि परक्याच्या घरी टिकली. आस्त्रा रोमानियन मालकाच्या हाती राहिली, वाढली, देशातली सगळ्यांत मोठी सर्वसाधारण विमा कंपनी झाली. त्या काळात आमच्या टेबलावर आस्त्राचं नाव आलं की लोक आदराने बोलायचे. २०१४ च्या फेब्रुवारीत नियामकाने तिच्यावर विशेष प्रशासक नेमला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये परवाना काढून घेतला, आणि वर्ष सरता सरता दिवाळखोरी जाहीर झाली.

आस्त्राच्या पडझडीतली खरी नाट्यमय गोष्ट पुढेच घडली. त्याच उन्हाळ्यात रोमानियाच्या नियामकाने, म्हणजे 'एएसएफ'ने, युरोपीय विमा प्राधिकरणाच्या मदतीने देशातल्या कंपन्यांचे ताळेबंद तपासून घेतले होते. १ जानेवारी २०१६ पासून सॉल्व्हन्सी-२ हे कडक भांडवली नियम लागू होणार होते, आणि त्याआधी सगळ्या फडताळांची दारं उघडायची होती. आस्त्रा गेली, २०१६ च्या जुलैत स्वस्तात विकणारी कार्पातिका ही दुसरी कंपनीही गेली. घर झाडून झालं, आता युरोपीय दर्जाचे नियम आले, यापुढे असं होणार नाही, अशी सगळ्यांची खात्री पटली. देशातल्या दोन सगळ्यांत मोठ्या आरसीए कंपन्या बुडाल्या त्या हे नियम लागू झाल्यानंतर.

पण त्याआधी ट्रकवाल्यांचा किस्सा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून उगवलं. स्वस्तात विकणाऱ्या दोन कंपन्या बंद पडल्यावर उरलेल्यांनी आरसीएचे दर वाढवले. रोमानिया हा ट्रकांचा देश आहे. जर्मनीपासून स्पेनपर्यंतचा माल तिथले चालक वाहतात. २०१६ च्या सप्टेंबरात वाहतूकदार बुखारेस्टच्या रस्त्यावर उतरले, आणि सरकारने वर्ष संपायच्या आत सहा महिन्यांसाठी दरांवर कमाल मर्यादा घातली. विमा कंपन्यांचं म्हणणं होतं की आम्ही तोट्यात विकतोय. ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण २०१८ मध्ये तिथल्या स्पर्धा परिषदेने नऊ विमा कंपन्या आणि त्यांची संघटना यांना मिळून सुमारे पाच कोटी तीस लाख युरोंचा दंड केला. आरोप असा की तुम्ही आपापसांत ठरवून दर वाढवले. एकाच बाजारात काही कंपन्या कमी दराने मेल्या आणि काहींना जास्त दराबद्दल शिक्षा झाली. दोन्ही निर्णयांमागचे कागद मी वाचले आहेत, आणि दोन्हींत तथ्य होतं.

गॅरेजवाल्यांशिवाय हा बाजार समजत नाही. अपघातात ज्याचं नुकसान झालं त्याला गॅरेज निवडायचं स्वातंत्र्य कायद्याने दिलेलं. मग गॅरेजवाले गाडीमालकाला म्हणायचे, तुमचा क्लेम आमच्या नावावर करून द्या, गाडी घेऊन जा, कंपनीशी आम्ही भांडतो. अशी हजारो भांडणं कोर्टात गेली. कंपन्या म्हणायच्या, गॅरेजवाले तासाचा दर फुगवतात. गॅरेजवाले म्हणायचे, कंपन्या सहा-सहा महिने पैसे देत नाहीत. बुखारेस्टमधल्या एका क्लेम विभागात मी बसलो होतो तेव्हा तिथल्या ज्येष्ठ अधिकाऱ्याने मला फायलींचा गठ्ठा दाखवला. एकाच गॅरेजच्या त्या सगळ्या फायली, आणि प्रत्येकीवर कोर्टाचा शिक्का. "हे पैसे आम्ही देणारच आहोत," ते शांतपणे म्हणाले, "पण आत्ता दिले तर या तिमाहीचा हिशेब बिघडतो." कुठली कंपनी ते सांगत नाही, पण क्लेमची दिरंगाई म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्यात कळलं. ते भांडण गाडीच्या दाराचं किंवा बंपरचं मुळीच नव्हतं. कंपनी बिनव्याजी कर्ज घेत होती, आणि देणारा होता रस्त्यावर धडक खाल्लेला माणूस.

कर्जाचा हा हिशेब समजला की सिटी इन्शुरन्स या पुढच्या स्वस्त कंपनीची चढण समजते. आरसीएमध्ये हप्ता आज हातात येतो, क्लेम मागून येतात. त्यातही माणूस जखमी झाला असेल तर खटला वर्षानुवर्षं चालतो. म्हणून दर पाडून जोरात वाढणाऱ्या कंपनीच्या तिजोरीत रोकड नेहमी भरलेली दिसते. वाढ थांबली की मगच तळ दिसतो. हा खेळ टिकतो तो फक्त एका अटीवर, की भविष्यातल्या क्लेमसाठी केलेली तरतूद प्रामाणिक असली पाहिजे. सिटी वाढत वाढत आरसीए बाजारातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त हिश्श्यावर पोचली, सुमारे तीस लाख पॉलिसी तिच्या नावावर आल्या. भांडवल घटतंय हे दिसू लागलं तेव्हा परदेशातून नवा गुंतवणूकदार येतोय, पैसे वाटेवर आहेत, असं सांगितलं जाऊ लागलं. आमच्या धंद्यात 'पैसे वाटेवर आहेत' हे वाक्य ऐकलं की अनुभवी माणूस खुर्ची मागे सरकवतो. पैसे पोचलेच नाहीत. १७ सप्टेंबर २०२१ ला परवाना गेला, आणि दर दहांतले चार गाडीवाले सकाळी उठले ते बुडालेल्या कंपनीची पॉलिसी घेऊन.

आता कोणीही म्हणेल, लोक शहाणे झाले असतील. बुखारेस्टच्या ब्रोकरांकडे त्या आठवड्यात फोनची रीघ लागली होती, आणि प्रश्न पुन्हा तोच: सगळ्यांत स्वस्त कोण? उत्तर तयार होतं. युरोइन्स. बल्गेरियाच्या युरोहोल्ड गटाने २००७ मध्ये असित्रान्स नावाची छोटी रोमानियन कंपनी घेऊन तिथे पाय रोवले होते. सिटीचे ग्राहक बघता बघता युरोइन्सकडे वळले आणि दीड वर्षाच्या आत ती आरसीएमध्ये पहिल्या क्रमांकावर होती.

युरोइन्सचा किस्सा मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण त्याचं मर्म आमच्याच शाखेत आहे. पुनर्विमा म्हणजे विमा कंपनीने आपल्या जोखमीचा काही भाग दुसरीकडे सोपवणं. जोखीम खरोखर गेली तर कंपनीला तेवढं भांडवल कमी ठेवावं लागतं. 'खरोखर' या शब्दापाशी आमची अख्खी हयात जाते. करारात अशी कलमं घालता येतात की कागदावर जोखीम गेली, पण क्लेम ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ती गपचूप परत येते. नफ्यात वाटा, तोट्यावर मर्यादा, हप्ता हातात न देता खात्यावरच ठेवणं, अशी एकेक तरतूद एकेकटी निरुपद्रवी असते. सगळ्या एकत्र आल्या की करारात विमा उरत नाही. युरोइन्स रोमानियाचा करार आपल्याच गटातल्या पुनर्विमा कंपनीशी होता. एएसएफचं म्हणणं पडलं की या करारातून जोखीम हस्तांतरित होतच नाही, त्यामुळे त्याच्या जोरावर दाखवलेलं भांडवलही धरता येणार नाही. तो करार बाजूला ठेवून हिशेब मांडला तर खड्डा निघाला सुमारे २.१९ अब्ज लेईचा, म्हणजे साधारण ४४ कोटी युरोंचा. १७ मार्च २०२३ ला परवाना रद्द झाला. युरोपीय विमा प्राधिकरणानेही तपासणी करून त्या कराराबद्दल एएसएफच्या बाजूचाच निष्कर्ष दिला.

युरोहोल्ड गप्प बसला नाही. हा निर्णय चुकीचा आणि सूडबुद्धीचा आहे, असं त्याने जाहीरपणे म्हटलं आणि रोमानियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाची वाट धरली. मागणी पन्नास कोटी युरोंहून जास्त. यातली सगळ्यांत मोठी अडचण बाहेरच्या वाचकाला सहसा दिसत नाही. युरोइन्सच्या मूळ गटात युरोपीय पुनर्रचना आणि विकास बँकेचा, म्हणजे 'ईबीआरडी'चा, अल्प हिस्सा होता. ती बँक देशांच्या भागभांडवलावर उभी आहे, आणि त्या देशांत रोमानिया आहे, बल्गेरियाही आहे. वादाच्या दोन्ही काठांवरची सरकारं ज्या संस्थेची मालक, तिचाच पैसा त्या खड्ड्यात अडकलेला. वाटाघाटींच्या खोल्यांत लोक एकमेकांशी किती जपून बोलत असतील, याची कल्पना करता येते.

मागे राहिले ते पॉलिसीधारक आणि धडक खाल्लेले लोक. ९ जून २०२३ ला न्यायालयाने युरोइन्स रोमानियाची दिवाळखोरी सुरू केली आणि तीन महिन्यांनी, सप्टेंबरात, उरलेल्या पॉलिसी आपोआप संपल्या. क्लेमसाठी हमी निधी आहे, त्याची मर्यादा प्रत्येकी पाच लाख लेई. परदेशातल्या अपघातांचे पैसे देशाच्या मोटार विमा संघाला भरावे लागतात, आणि रोमानियन ट्रक तर सगळ्या युरोपभर फिरतात. हा निधी आणि संघ चालतो कोणाच्या पैशावर? ज्या कंपन्या वाचल्या त्यांच्या वर्गणीवर. म्हणजे जिने कधी स्वस्तात विकलं नाही तिच्या ग्राहकाने, चार लेई जास्त देऊन नीट पॉलिसी घेणाऱ्याने, शेवटी स्वस्तातल्या पॉलिसींची बिलं भरली. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत जास्त लागतं ते हे.

दानूबच्या पलीकडचा एक उपकथानकासारखा किस्सा इथेच सांगून टाकतो. जुर्जूचा पूल ओलांडला की बल्गेरियातलं रूसे शहर लागतं. आरसीएचे दर चढले तशा बुखारेस्टच्या रस्त्यांवर बल्गेरियन नंबरप्लेटच्या गाड्या हजारोंनी दिसू लागल्या. मालक रोमानियन, चालक रोमानियन, फक्त नोंदणी पलीकडची. कारण तिथला विमा स्वस्त. त्या गाड्यांचे अपघात होतात रोमानियाच्या रस्त्यांवर, आणि २०२३ मध्ये दर दहा लाख लोकांमागे ८१ मृत्यू इतकं त्या रस्त्यांचं प्रमाण होतं. युनियनची सरासरी होती ४६. रोमानियन ग्राहक स्वस्त विम्यासाठी बल्गेरियात पळत होता, त्याच सुमारास एक बल्गेरियन गट रोमानियात स्वस्त विमा विकून बुडत होता. पुलावरून दोघं एकमेकांना ओलांडून गेले म्हणायचे!

या गर्दीत एक नाव दर वेळी शांतपणे वरच्या रांगेत परत येतं. इयॉन त्सिरियाक. टेनिसच्या जुन्या रसिकांना डेव्हिस कपमधली त्याची आणि इली नस्तासेची जोडी आठवेल. त्याआधी हा माणूस १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आइस हॉकी खेळला होता, आणि पुढे तरुण बोरिस बेकरला त्याने घडवलं. साम्यवाद कोसळताच त्याने बँक काढली, १९९४ मध्ये विमा कंपनी काढली आणि २००० मध्ये तिचा बहुसंख्य हिस्सा अलियान्झला दिला. अलियान्झ-त्सिरियाक आरसीएच्या दरयुद्धात अनेकदा मागे पडली. आस्त्रा पुढे गेली, मग सिटी, मग युरोइन्स. त्या काळात लंडनमधले काही ब्रोकर तिला सुस्त म्हणायचे. तिन्ही विजेते आता नाहीत, आणि सुस्त कंपनीची ट्रीटी मात्र दर वर्षी बिनबोभाट नूतनीकरणाला येते.

इथवर सांगितलेली सगळी भांडणं बंपरची आणि बोनेटची. खरी जोखीम जमिनीखाली आहे. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला शिकवलं होतं, "हे बघ, रोमानियाचं काही आलं की आधी नकाशा उघड, मग हिशेब." नकाशावर बुखारेस्टच्या ईशान्येला, कार्पेथियन डोंगर जिथे वळतात तिथे व्रांचा आहे. तिथला भूकंप पृष्ठभागाजवळ होत नाही. साठ ते पावणेदोनशे किलोमीटर खोलीवर खडक तुटतो आणि हादरा दूरवर पसरतो. १८०२, १८३८, १९४०, १९७७, १९८६, १९९०. ही यादी पुनर्विम्याच्या खोलीत पाढ्यासारखी पाठ असते.

४ मार्च १९७७. रात्री नऊ वाजून बावीस मिनिटं. दीड हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक बुखारेस्टमध्ये. लाडका नट तोमा काराजिऊ गेला. चाउशेस्कू तेव्हा नायजेरियाच्या दौऱ्यावर होता, तो तातडीने परतला. जुन्या, दोन महायुद्धांमधल्या काळातल्या इमारती पडल्या हे सगळ्यांना माहीत आहे. नव्यांतल्याही काही पडल्या, त्यांतलं एक वाहतूक मंत्रालयाचं संगणक केंद्र. राजवटीला ही गोष्ट फारशी बोलायला आवडत नसे. जागतिक बँकेने नुकसान धरलं ते सुमारे दोन अब्ज डॉलर.

पण माझ्या मते त्या भूकंपाची सगळ्यांत महत्त्वाची तारीख ४ मार्च नाही. ती आहे ४ जुलै. पहिले चार महिने अभियंत्यांनी तडे गेलेल्या इमारतींचे खांब आणि तुळया उघड्या करून मजबुतीकरण सुरू केलं होतं. ४ जुलैच्या बैठकीत चाउशेस्कूने ते थांबवायला सांगितलं. फक्त दुरुस्ती करा, काम संपवा. भेगा भरल्या गेल्या, वर गिलावा चढला, रंग लागला. आज बुखारेस्टच्या मॅगेरू रस्त्यावरून चालताना ज्या देखण्या इमारती दिसतात त्यांतल्या कितींच्या आत तो गिलाव्याखालचा तडा आहे, याचा अंदाज बांधणं हे आमचं काम. शेकडो इमारतींवर लाल ठिपक्याची पाटी आहे: भूकंपात पडण्याचा धोका सर्वाधिक. २०१५ मध्ये कोलेक्तिव्ह नाइटक्लबला आग लागून मोठी जीवितहानी झाली, तिच्या धक्क्यात लाल ठिपक्याच्या इमारतींतल्या सार्वजनिक कार्यक्रमांवर बंदी आली आणि पात्रिया हे प्रसिद्ध चित्रपटगृह बंद पडलं. वरच्या मजल्यांवर राहणारी कुटुंबं मात्र तिथेच राहिली. सिनेमा बघायला धोकादायक ठरलेल्या छताखाली लोक रोज झोपतात.

या घरांसाठी रोमानियाने एक चांगली कल्पना राबवली, आणि मी ती मनापासून चांगली मानतो. तुर्कस्तानने १९९९ च्या भूकंपानंतर सक्तीचा भूकंप विमा आणला होता. त्या धर्तीवर रोमानियाने २००८ मध्ये कायदा केला, विमा कंपन्यांनी मिळून 'पाइड' नावाचा पूल, म्हणजे सामाईक विमा व्यवस्था, उभा केला आणि २०१० पासून घरांसाठी भूकंप, पूर आणि भूस्खलन यांचा सक्तीचा विमा सुरू झाला. सुरुवातीला पक्क्या घराला वर्षाला वीस युरो, रक्कम वीस हजार युरो. कच्च्या विटांच्या घराला दहा युरो, रक्कम दहा हजार. इतकं सोपं की शाळकरी पोराला समजावं. न घेणाऱ्याला शंभर ते पाचशे लेई दंड. दंड करणार कोण? गावचा महापौर. तो दर चार वर्षांनी त्याच लोकांकडे मतं मागायला जातो. कायदा करणाऱ्यांनी वसुलीची जबाबदारी ज्याच्यावर टाकली, दंड न करण्यात नेमकं त्याचंच हित होतं, आणि पावती पुस्तकं कोरीच राहिली. साधारण पाच घरांमागे एका घराची पॉलिसी आहे.

आता बाहेरच्या पुनर्विमा कंपन्यांचा दृष्टिकोन बघा. त्यांना पाइड आवडतो. जोखीम मोजलेली, कागद स्वच्छ, दर ठरलेला. अब्ज युरोच्या घरातलं पुनर्विम्याचं संरक्षण त्याला जागतिक बाजारातून मिळत आलंय. झ्युरिक आणि म्युनिकचे लोक बुखारेस्टच्या भूकंपावर पैसा लावायला तयार आहेत, आणि बुखारेस्टचा माणूस वर्षाचा एवढासा हप्ता द्यायला तयार नाही. त्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याने आयुष्यात जी विमा कंपनी सगळ्यांत जवळून पाहिली ती आरसीएची होती, आणि तिने हात वर केले होते. मोटारीने घराचा विश्वास खाल्ला, हे मला त्या बाजाराबद्दल सांगायचं सगळ्यांत मोठं गुपित आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीत काही आठवड्यांसाठी चित्र पालटलं. ६ तारखेला तुर्कस्तान हादरलं, १३ आणि १४ तारखेला रोमानियाच्याच गोर्झ जिल्ह्यात धक्के बसले, मोठा ५.७ चा. पॉलिसींची विक्री एकदम उसळली. महिनाभराने युरोइन्सचा परवाना गेला आणि बातम्यांतला विमा पुन्हा मोटारीचा झाला.

तर मग पुढे काय? आरसीएच्या दरांवर सरकारने २०२३ च्या वसंतात पुन्हा मर्यादा घातली आणि ती वाढवत वाढवत २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत नेली. ती उठली, आणि आता दर मोकळे आहेत. मला त्यात धोका दिसतो आणि आशाही. धोका जुनाच, की एखादी नवी कंपनी पुन्हा स्वस्तात उतरेल. नव्या येणाऱ्यांपैकी काही इतर युरोपीय देशांच्या परवान्यावर रोमानियात विकतात. त्यांच्या भांडवलावर नजर ठेवायची ती मायदेशच्या नियामकाने, बुखारेस्टच्या नाही. दोन वेळा पोळलेल्या एएसएफला आता दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावं लागणार. आशा अशी, की वरच्या रांगेत आज आहेत त्या बहुतेक कंपन्या मोठ्या युरोपीय गटांच्या आहेत, त्यांच्या मागे भांडवल आहे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आरसीएमधला पुढारी सगळ्यांत स्वस्त असल्यामुळे पुढारी नाही. शिवाय युनियनच्या नव्या मोटार निर्देशामुळे कंपनी बुडाली तरी जखमी माणसाला भरपाई मिळवून देण्याची व्यवस्था प्रत्येक देशाने उभी करायची आहे. थेट भरपाईचं कलमही २०१७ पासून आहे. थोडा जास्त हप्ता भरला की आपलीच कंपनी आपली गाडी दुरुस्त करून देते आणि नंतर समोरच्या कंपनीकडून वसूल करते. हे कलम मी सक्तीचं केलं असतं. ज्या दिवशी ग्राहकाला आपल्याच कंपनीकडे क्लेम घेऊन जावं लागेल, त्या दिवसापासून तो कंपनीचा दर्जा विचारू लागेल.

घरांच्या बाबतीत २०२३ च्या शेवटी रक्कम युरोंऐवजी लेईत आली. पक्क्या घराला एक लाख लेई, हप्ता १३०. कच्च्या घराला पन्नास हजार, हप्ता ५०. एक लाख लेईत बुखारेस्टमध्ये एक खोलीही येत नाही. ही रक्कम वाढली पाहिजे. वसुलीचं काम महापौरांकडून काढून घराच्या मालमत्ता कराला जोडलं पाहिजे, म्हणजे दोन्ही एकाच खिडकीवर भरता येतील. दोन्ही गोष्टी कायद्याच्या एका दुरुस्तीत बसतात. व्रांचाच्या यादीतली शेवटची मोठी नोंद १९९० ची आहे. पुढची नोंद कधी पडेल हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून ती दुरुस्ती याच संसदेने करावी, पुढच्या निवडणुकीनंतरच्या नव्हे.